न कातरलेला मेंढा

कातरलेल्या कळपात एकच मेंढा लोकरीचा उभा दिसला, तर आमच्या लोकांत कुणी कुणाला काही विचारत नाही. त्या घरानं देवाला नवस बोललाय, एवढं सगळ्यांना कळतं. बापजाद्यांची ती रीतच आहे. घरात संकट आलं की कळपातला चांगला मेंढा देवाच्या नावानं सोडायचा. त्याला कातर लावायची नाही, गिऱ्हाईक आलं तरी विकायचा नाही, आणि जत्रा आली की देवापुढं न्यायचा. तोवर तो मेंढा रानात फिरतो तो घरच्या अडचणीची पाटी गळ्यात अडकवल्यासारखा.

त्या साली माघात माझ्या मेंढरांत असा एक मेंढा होता. काळा कुळकुळीत, कपाळावर पांढरा ठिपका. बेल्ह्याच्या बाजारात नेला असता तर व्यापारी टेम्पो उभे करून मागं आले असते.

आणि मी तर ख्रिस्ती माणूस. माझा पोरगा मांडीवर होता तेव्हा बाप्तिस्मा घेतला, आता त्या पोराच्या मिशीत पांढरं आलंय. मग माझ्या मेंढरांच्या जाळीत हा मेंढा कसा आला, हे आळ्यापासून बेल्ह्यापर्यंत ज्यानं त्यानं आपल्या परीनं सांगितलं. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं, ती गोष्ट निराळी. आता सांगतो, कारण माझ्या नावावर दुसऱ्यानं काही खपवलेलं मला चालत नाही.

आम्ही धनगर. आमच्यातल्या पुष्कळांनी मेंढरं विकून शेती धरली, पोरं चाकणला कंपनीत गेली. माझाही पोरगा तिथंच आहे. मी मात्र मेंढरं सोडली नाहीत. तरुणपणी आम्ही नवरा-बायको मेंढरं घेऊन हिंडायचो, लोकांच्या वावरात खतासाठी बसवायचो. जुन्नरच्या अंगाला एका म्हाताऱ्या मास्तरांचं वावर होतं. मास्तर ख्रिस्ती होते. संध्याकाळी कंदील लावून ते मोठ्यानं शास्त्र वाचायचे आणि आम्ही बांधावर बसून ऐकायचो. करमणूक दुसरी नव्हतीच.

एकदा त्यांनी येशूनं सांगितलेली मेंढपाळाची गोष्ट वाचली. एक मेंढरू हरवलं म्हणून बाकीची नव्याण्णव रानात सोडून तो त्याला शोधायला गेला. मी बसल्या जागेवरून बोललो, की मास्तर, हे सांगणाऱ्यानं मेंढरं राखलेली दिसत नाहीत. नव्याण्णव उघड्यावर टाकून कोण जातो? मागं वाघ पडला तर? आम्ही बिबट्याला वाघच म्हणतो. मास्तर हसले. माझी बायको हसली नाही.

"तुमी नव्हता गेला? त्या लंगड्या कोकरापायी? मी एकटी बसले व्हते सगळी घिऊन."

गेलो होतो. आदल्या साली चिखलात गुडघाभर रुतत गेलो होतो आणि कोकरू खांद्यावर टाकून आणलं होतं. मी ते विसरलो होतो, ती विसरली नव्हती. तेव्हापासून ती गोष्ट माझ्या मानेवर बसली ती उतरेना. असा देव असेल तर त्याच्याशी भांडता तरी येईल, असं वाटलं. लोक म्हणाले, ख्रिस्ती व्हायला यांना गहू मिळाला. आम्हाला काही मिळालं नाही. मिळणार असतं तर मी गेलोच नसतो. फुकटचं घ्यायची आमच्या घराण्यात चाल नाही.

भावकीनं पाठ फिरवली. लग्नाच्या पत्रिका यायच्या बंद झाल्या, मयतीचा निरोप मागनं कळायला लागला. धाकटा भाऊ तेवढा येत राहिला. तो माझ्यापायी नाही, वहिनीपायी. माझं लग्न झालं तेव्हा त्याला चड्डीची नाडी बांधता येत नव्हती आणि आमची आई गेलेली होती. माझ्या बायकोनंच त्याला लहानाचा मोठा केला. तो कुळाच्या देवाचा राहिला, आम्ही येशूचे झालो. जत्रेहून आला की ओट्यावर बसून वहिनीच्या हातचा चहा प्यायचा. देवाचा विषय तोही काढायचा नाही आणि आम्हीही नाही.

घरात आमची वाटणी ठरलेली होती. मला मास्तरांनी अक्षर ओळखायला लावलं होतं, म्हणून वाचायचं काम माझं. बोट ठेवून वाचतो, पण वाचतो. प्रार्थनेचं काम तिचं. दिवेलागणीला डोक्यावर पदर घेऊन ती बसली की तिचं सुरू व्हायचं. पोरगा, सून, नातवंडं, गाभण मेंढ्या, शेजारणीचा गुडघा, वावरातला कांदा, धाकट्या दिराची म्हैस. त्या म्हशीचं तर नाव घेऊन. देवाला एवढं ऐकायला वेळ आहे का, असं मी कधीकधी म्हणायचो. पण टोपी काढून बसायचो, आणि तिचं संपलं की आमेन म्हणायचो. तिचं मागणं, माझं आमेन. एवढीच माझी प्रार्थना. तेवढ्यावर माझं आयुष्य निभावत आलं होतं.

त्या साली थंडीत एका सकाळी भाकरी करपल्याचा वास आला. मी बाहेरूनच ओरडलो, लक्ष कुठाय म्हणून. आत गेलो तर ती चुलीपुढं भिंतीला टेकून बसलेली, एक हात पिठात, आणि तोंड एका बाजूला ओढलेलं. माझ्याकडं बघत होती. ओळखत होती. बोलायला गेली आणि नुसता आवाज निघाला.

शेजाऱ्याच्या जीपमधनं आळेफाट्याला नेली, तिथल्यांनी मंचरला न्यायला सांगितलं. हायवेला कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली. ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता. तिचं डोकं माझ्या मांडीवर, आणि मी आपलं एकच म्हणत होतो, येशू, येशू. पुढं काही सुचतच नव्हतं.

जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, उजवा हात-पाय आणि वाचा गेली आहे, व्यायामानं काही परत येतं, काही येत नाही. किती येईल, असं पोरानं विचारलं. डॉक्टर म्हणाले, आता सांगता येणार नाही.

घरी आणली त्या दिवशी संध्याकाळी मी शास्त्र काढलं. तिच्या खाटेपाशी बसून रोजच्यासारखं बोट ठेवून वाचलं. वाचून झालं. मग प्रार्थनेची वेळ झाली. तिनं डाव्या हातानं पदर डोक्यावर ओढला आणि माझ्याकडं बघितलं.

मी टोपी काढली. तोंड उघडलं. काही आलं नाही. तिचे शब्द मला पाठ होते, गुडघ्यापासून म्हशीपर्यंत, पण ते तिचे होते. दुसऱ्याची चप्पल पायात घातल्यासारखं झालं. ती बघतच राहिली. मी आमेन म्हटलं आणि उठलो. कशाला आमेन म्हटलं, ते मलाही माहीत नाही. मागं काही मागणंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी मी वाचलंच नाही. मेंढरांमागं रानात गेलो की मनात बोलायला बघायचो. मनात नुसता राग यायचा. हिनं तुझं नाव घेतल्याशिवाय एक दिवस घालवला नाही, आणि तू नेमकं तिचं तोंडच धरलंस? हात घेतलास, पाय घेतलास, तिथंच थांबायचं. माझी वाचा घ्यायची, माझी कुणाला लागत होती? वरून काही उत्तर नाही. ती मुकी, मी मुका आणि तो मुका. एका घरात तीन मुके झालो.

धाकटा भाऊ रोज यायचा. वहिनीला पेज भरवायचा, तिच्या ओठांतून सांडलेलं आपल्या बाहीनं पुसायचा. एकदा मला बाहेर घेऊन गेला. देवऋष्याला विचारून आलो, असं म्हणाला. इतकी वर्षं ज्या घरानं देवाला तोंड दाखवलं नाही त्या घराचं तोंड देवानं बांधलंय, असं निघालं होतं.

"तू काय बी करू नको, दादा," तो म्हणाला. "हात जोडू नको, जत्रंला येऊ नको. फकस्त मेंढा दे. मी नेतो. वहिनीसाठी दे."

मी नाही म्हटलं. तो रडला. तरीही नाही म्हटलं. हे आमच्या चर्चच्या मंडळीत कळलं, आणि रविवारी उपासनेनंतर एकेक जण हात हातात घेऊन म्हणायला लागला, की बाबा, विश्वास असावा तर असा. मला ते ऐकवेना. माझं मला ठाऊक होतं. भावाला नाही म्हटलं ते विश्वासानं नव्हतं. मी एकदा नाही म्हटलं की नाही, बापालाही कधी हो म्हटलं नाही, तो हट्ट होता. आतला विश्वास कधीच विझला होता आणि बाहेर हट्ट दांडग्यासारखा उभा होता. लोकांना दोन्ही सारखेच दिसतात.

माघात मेंढरं कातरायचा दिवस आला. ओढ्यात धुऊन आणली. आसपासचे चारजण कातरी घेऊन आले. आज तुझ्याकडं, उद्या माझ्याकडं, असं आमचं चालतं. एकेकाचे पाय बांधून आडवं पाडत होतो, लोकरीचे ढीग पडत होते. लोकरीला आता कुणी विचारत नाही, ढीग बाभळीखाली कुजतात, पण उन्हाळ्याआधी कातरावं लागतंच, नाहीतर जनावराचे हाल होतात. ठिपक्याच्या मेंढ्याची पाळी आली. एकानं त्याचं शिंग धरलं. माझ्या तोंडून गेलं,

"तो ऱ्हाऊ द्या."

चौघांच्या कातरी थांबल्या. मी दुसरीकडं बघत होतो आणि मनात म्हणत होतो, येशू, हा तुझा. कळपात याच्यापेक्षा चांगला नाही. तिची वाचा दे आणि हा घेऊन जा. थंडीपासून पहिल्यांदा माझ्या मनात सबंध वाक्य आलं होतं, आणि ते असं आलं. माझा बाप देवाशी असंच बोलायचा. त्याचा बापही असंच. येशूला मेंढा कुठं न्यायचा, त्याच्या वतीनं तो घेणार कोण, याचा मी विचारच केला नव्हता. देवापुढं अडून बसायची एवढीच रीत आमच्या हाडात होती, ती वर आली.

चौघांनी एकमेकांकडं बघितलं. एकजण तंबाखू थुंकून हळूच म्हणाला, "वळलं म्हातारं." दिवस मावळायच्या आत भावाच्या घरी निरोप पोचला.

तो धावतच आला. खिशात भंडाऱ्याची पुडी. मेंढ्याच्या कपाळाला लावायला निघाला तेव्हा मी त्याचा हात धरला. त्याला वाटलं, मी लाजतोय. बरं, जत्रंच्या दिवशीच लावू, असं म्हणाला, टेम्पोही मीच सांगतो म्हणाला. जाताना त्यानं माझ्या पायांना हात लावला. कित्येक वर्षांनी लावला.

मी का बोललो नाही? हा मेंढा येशूचा आहे असं सांगितलं असतं तर बाजारभर हसू झालं असतं, हे एक. दुसरंही होतं. येशूनं नाही ऐकलं तर भाऊ आहेच, असं मनाच्या एका कोपऱ्यात येऊन बसलं होतं. मी त्याला हाकलत होतो, ते जात नव्हतं. एक मेंढा आणि दोन दारं उघडी. माझ्यासारख्या माणसाला हे शोभणारं नव्हतं.

बायकोला यातलं काही माहीत नव्हतं. ती आतल्या खोलीत खाटेवर. मेंढरांचा आवाज तिला यायचा, दिसायची नाहीत.

एका रविवारी पाळकसाहेबांनी मला साक्ष द्यायला उभं केलं. देवानं संकटात कसं सांभाळलं, ते सगळ्यांपुढं सांगायचं असतं. मी उभा राहिलो. बायाबापड्या माना वर करून बघत होत्या. पंखा कुरकुरत होता. मी म्हणालो, मला काही सांगता येत नाही. आणि खाली बसलो. त्यांना वाटलं, गळा दाटला. दोघींनी डोळे पुसले. पाळकसाहेबांनी नाही पुसले.

संध्याकाळी ते मोटारसायकलवरून घरी आले. आळेफाट्याला राहतात, माझ्या पोरापेक्षा लहान आहेत. मेंढरं नुकतीच जाळीत घेतली होती. ते जाळीपाशी उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "बाबा, हा कुणाच्या नावाचा?"

सरळ विचारणारा हा पहिलाच माणूस, म्हणून त्यांना सांगितलं. "तुमच्याच मालकाच्या."

ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. दगडावर बसले. म्हणाले, प्रभू असं काही घेत नाही. द्यायचं होतं ते त्यानंच वधस्तंभावर दिलं, आपल्याकडून द्यायचं काही उरलं नाही.

"घेत न्हाई, ठीक," मी म्हणालो. "मंग देतो कशाच्या बदल्यात?"

"बदल्यात काही नाही."

"म्हंजी त्याची मर्जी."

"हो."

"आन न्हाई दिलं तर?"

त्यांनी दारातून आत खाटेकडं बघितलं. "मला माहीत नाही, बाबा."

मी भांडायला कंबर कसून बसलो होतो. या उत्तरानं माझ्या हातातली काठीच काढून घेतली. मग ते म्हणाले, तुमच्या मनात राग आहे तो त्याला सांगा. मी म्हणालो, रोज सांगतोय, तो काय बहिरा आहे?

"मोठ्यानं सांगता?"

जाताना त्यांना एवढंच बजावलं, की हे मंडळीत बोलायचं नाही. ते बोलले नाहीत, आजतागायत. पण मंडळीतल्या माणसांना मेंढा दिसत होताच. पुढच्या रविवारी माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली.

फाल्गुन गेला, ऊन चढलं. बाकीची मेंढरं उघड्या अंगानं चरायची आणि तो एक लोकरीचा बोजा घेऊन चालायचा. दुपारी जीभ बाहेर काढून बाभळीखाली धापा टाकायचा. अंगात गोखरू, कुसळं, गोचिडी. खाजवायला मान वळवायचा आणि मान पोचायची नाही. कधीकधी वाटायचं, वाघानं न्यावा हा. न्यावा आणि मला मोकळं करावं. पण तो मेला तिकडं उसातच बसून राहिला, नको तेव्हा येतो. आणि बायकोची वाचा तशीच. आ, याच्यापुढं काही नाही. पोरगा आला की तिच्याकडून हाताचा व्यायाम करून घ्यायचा. डाव्या हातात जोर आला होता. काही हवं असलं की स्टीलचा पेला खाटेच्या दांडीवर आपटायची.

जत्रेच्या दिवशी सकाळी फार उकडत होतं, म्हणून शेजाऱ्याच्या मदतीनं तिची खाट बाहेर लिंबाखाली आणली. थंडीपासून ती पहिल्यांदा अंगणात आली होती. मी जाळी उघडली. मेंढरं तिच्या खाटेशेजारून जायला लागली. ती एकेकाकडं बघत होती, ओळखीच्यांना डाव्या हातानं शिवत होती. मग तो आला.

तिचा हात तसाच थांबला. मेंढपाळाची बायको ती, तिला कुणी सांगायला नको. तिनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी बघितलं नाही, पण मला कळत होतं की ती माझ्याकडं बघतीये.

तेवढ्यात टेम्पो आला. भावानं नवा फेटा बांधला होता. टेम्पोत त्याचा स्वतःचा मेंढा आधीच उभा होता. हातात दोरी घेऊन तो उतरला, वहिनीला बाहेर बघून त्याला आनंद झाला. म्हणाला, बघ, आजच्या दिवशी बाहेर आली, सुरुवात झाली म्हणायची. आणि त्यानं ठिपक्याच्या गळ्यात दोरी घातली.

"थांब," मी म्हणालो.

"आता काय?"

"त्यो तुमच्या देवाचा न्हाई."

"मंग कुणाचा?"

"माझ्या."

टेम्पोचा ड्रायव्हर बेल्ह्याचा, ढेरपोट्या, जाड मिशांचा. त्याला यात मजा वाटली. "बाबा, येशूची जत्रा कुठं भरती? भाडं सांगा, तिकडं बी सोडतो."

भाऊ हसला नाही. त्याचा चेहरा उतरला. दोरी न सोडता तो माझ्यापुढं येऊन उभा राहिला आणि हळू आवाजात बोलला.

"त्याला बी मेंढाच बोलला तू, दादा. मंग फरक काय राह्यला? आन एवढं करून त्यानं दिलं काय? बघ तिच्याकडं. बघ की."

इतकी वर्षं लोकांना उत्तरं दिली, भावकीला, सरपंचाला, सोयऱ्यांना. आणि ज्यानं खरं विचारलं त्याच्यापुढं मी जनावरासारखा उभा. त्या घटकेला मी हो म्हणणार होतो. ने, म्हणणार होतो. शब्द जिभेवर आला होता.

पेला वाजला.

तिनं खाटेच्या दांडीवर पेला आपटला. आम्ही वळलो. तिनं पेला टाकला, डाव्या हाताची दोन बोटं पुढं केली आणि ती उघडली-मिटली, उघडली-मिटली. मग मेंढ्याकडं बोट दाखवलं. पुन्हा दोन बोटं, उघडली-मिटली.

कातर म्हणत होती. याला कातर.

भावाला माझ्याइतकंच कळलं. आमच्यात नवसाला बोललेल्या मेंढ्याला कातर लावायला कुणी धजत नाही. देवाला दिलेलं तोंडातून ओढून घेतल्यासारखं असतं ते. तो तिच्या खाटेपाशी खाली बसला. "नको वहिनी. आसं नको. तुझी ही बाजू बी जाईल."

ती त्याच्याकडं बघेनाच. माझ्याकडं बघून बोटं हलवत होती, आणि तोंडातून आ, आ, असा आवाज. तिला राग आला होता. चाळीसेक वर्षांच्या संसारात मी तिचा राग पुष्कळ बघितला, असा बघितला नव्हता. तिला वाचा नको होती असं नाही. तिला ती अशी विकत घेतलेली नको होती. मी तिच्या देवापुढं बाजार मांडून बसलो होतो, आणि गिऱ्हाईक म्हणून तिलाच उभी केली होती.

मला भीती वाटली. खरंच वाटली. रागवायचंच असेल, तर येशू काय आणि कुळाचा देव काय, त्याला तिचा डावा हात घ्यायला किती वेळ? तरी मी वळचणीची कातर काढली. मेंढ्याच्या गळ्यातली दोरी काढली, त्याला बगलेत धरून आडवा पाडला. पाय धरायला माणूस लागतो. भाऊ हलला नाही. मी गुडघ्यानं मेंढा दाबला आणि मानेपासून सुरुवात केली. आणि कातर चालत असताना माझं तोंड सुटलं. मोठ्यानं.

"देवा, हा मेंढा मी माघारी घेतो. आपला सौदा मोडला. ती बोलली न्हाई तरी मी तुझाच हाय, आन मला तुझा लई राग हाय. दोन्ही ऐकून घे. मला तिच्यावानी बोलता येत न्हाई. जसं येतंय तसं घे."

मेंढ्यानं लाथ झाडली, कातर सटकली, त्याच्या मानेपाशी कातडीला लागली आणि रक्ताचा थेंब आला. तेव्हा भाऊ उठला. मुकाट्यानं येऊन त्यानं मेंढ्याचे चारी पाय मुठीत धरले.

"मान कापशील त्याची," म्हणाला. "नीट काप."

आम्ही दोघांनी मिळून तो कातरला. पोटापाशी लोकर गोळा होऊन चिखलासारखी झाली होती, गोचिडींनी कातडी लाल केली होती. शेवटचा झुपका पडला तसा तो उठला, अंग झाडलं आणि कळपात घुसला. परत ओळखता येईना, कपाळ बघावं लागलं. मी खाटेकडं वळलो. तिनं पदर डोक्यावर घेतला होता आणि डोळे मिटले होते. तिच्या तोंडून आवाज आला. मी तो आमेन ऐकला. भाऊ म्हणतो, नुसता आ होता. मी त्याच्याशी वाद घालत नाही.

हातपाय धुऊन तो आपला मेंढा घेऊन जत्रेला गेला. जाताना तो माझ्याशी बोलला नाही, पण परत येताना वहिनीसाठी जत्रेतली शेव घेऊन आला आणि ओट्यावर बसला. चहा मी केला. दोघांनी नावं ठेवली, त्यानं तोंडानं आणि तिनं चेहऱ्यानं.

तिची वाचा आली नाही. डावी बाजूही गेली नाही. पाय थोडा चालतो, भिंत धरून दारापर्यंत येते. मंडळीतली माझ्या शेजारची जागा पुन्हा भरली. कशी भरली, मी विचारलं नाही आणि काही समजावतही बसलो नाही. रागही सगळा गेलेला नाही. काही दिवस तो आत असतो आणि देव बाहेर, काही दिवस उलटं. पण दिवेलागणीला मी टोपी काढतो आणि मोठ्यानं बोलतो. अडखळतो. मधेच मेंढरांना हाक मारल्यासारखा आवाज चढतो. पोरगा, सून, नातवंडं, गाभण मेंढ्या, शेजारणीचा गुडघा, कांदा. एवढं झालं की मी संपवायला बघतो.

मग पेला वाजतो. मला कळत नाही काय राहिलं. पुन्हा वाजतो, जोरात. तेव्हा आठवतं, आणि धाकट्या भावाच्या म्हशीचं नाव घेतो. मग ती पेला खाली ठेवते.